स्टेपनी पुढची की मागची?

काळजी करण्याच्या बाबतीत माझ्या धाकट्या मामाचा हात धरेल असा माणूस अख्ख्या नवी मुंबईत नव्हता. एखाद्याला गोड गळा असतो तशी त्याला काळजी जन्मजात होती, आणि तिचा रियाज तो रोज करायचा. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी नेरूळला त्याच्या फ्लॅटमध्ये राहत होतो. बाहेर पडताना तो कुलूप ओढून बघायचा, जिना उतरायचा आणि सोसायटीच्या गेटपाशी थांबून मला विचारायचा, "मी ओढून बघितलं ते तू बघितलंस ना?" गॅसचा सिलिंडर बदलायचा असला की सगळ्यांना आधी गॅलरीत उभं करायचा. पापलेटचा काटा घशात अडकेल म्हणून सोललेलं केळं ताटाशेजारी ठेवायचा आणि मगच पहिला घास घ्यायचा. अशा माणसाच्या वाट्याला एखादी साधीसुधी गाडी यायला हवी होती. पण जन्म नैरोबीत घालवलेले आमचे थोरले मामा कायमचे परत आले ते आपली दोन दारांची लाल गाडी घेऊनच, आणि गुडघे कुरकुरायला लागल्यावर ती धाकट्या भावाला देऊन मोकळे झाले.

गाडी देखणी होती. फक्त तिची मागची चाकं पुढच्यांपेक्षा चांगली रुंद होती आणि डिकीत स्टेपनीची जागा रिकामी होती. झालं! मामाची झोप उडाली. "पुढच्या मापाची घेतली आणि मागचं चाक पंक्चर झालं, तर गाडी एका बाजूला कलणार. जोरात पळवली तर ॲक्सल बसणार. बरं, मागच्या मापाची घेतली आणि पुढचं पंक्चर झालं, तर वळताना टायर मडगार्डला घासणार. शिवाय ती डिकीत मावत नाही, मी टेपने मोजलंय. सांग, काय करू?" मी म्हणायचो, "मामा, पुढच्या मापाची घे. काही झालंच तर हळूहळू घरी येशील." तो माझ्याकडे करुणेने बघायचा. "आणि घाटात असलो तर?"

स्टेपनी ठरेपर्यंत गाडी करावे गावाच्या पलीकडे न्यायची नाही असा त्याने निर्बंध घालून घेतला, कारण तिथून चालत घरी येता येतं. रविवारी आम्ही करावेपर्यंत जायचो, खाडीचं तोंड बघायचो आणि परत यायचो. तिथला जाळं विणत बसलेला एक म्हातारा कोळी एकदा पुढच्या रस्त्याकडे बोट करून हसत म्हणाला, "गारी बरी हाय तुमची, पन फुरं कवा जानार?"

मामीला मात्र हसू येत नव्हतं. तिचे वडील, आबा, साताऱ्याकडे गावी एकटे राहायचे. खिंडीपलीकडच्या गावात दिलेल्या धाकट्या बहिणीला भेटावं एवढंच त्यांच्या मनात होतं, पण एस.टी.चे धक्के आता त्यांना सोसत नव्हते. 'गाडी घेऊन या' असा त्यांचा निरोप येऊन महिने लोटले होते. एका सकाळी मामीने चहाचा कप जरा जोरात आपटला. "अहो, तुमचं चाक ठरेपर्यंत ती दोघं थांबणारेत का?"

 त्याच दिवशी मामा कुर्ल्याला जुन्या गाड्यांच्या बाजारात गेला आणि दोन्ही मापांची चाकं घेऊन आला.

पुढच्या शनिवारी आम्ही निघालो. पुढच्या मापाचं चाक डिकीत आणि मागच्या मापाचं मागच्या सीटवर, माझ्या शेजारी, दोरीने बांधलेलं. पनवेलपासून खंबाटकीपर्यंत मी रबराच्या वासात बसलो होतो. मामा स्टिअरिंग असं आवळून बसला होता की मामीने भरवलेली आवळ्याची सुपारीसुद्धा त्याने चघळली नाही. "आवाज येतोय का रे मागून?" "मामा, तो तू विकत घेतलेल्या चाकाचा येतोय."

आबा ओसरीवर फेटा बांधून तयारच होते. पण आता आबा पुढे बसल्यावर मामी आणि मी मागे, मग ते चाक कुठे? मामाने एकदा चाकाकडे बघितलं, एकदा आबांच्या इस्त्रीच्या सदऱ्याकडे. मग त्याने दोरी सोडली आणि चाक अंगणात काढून ठेवलं. घाम मात्र त्याला दरदरून फुटला होता.

आणि खिंडीच्या तोंडाशी मागचंच टायर बसलं.

मी मामाकडे बघितलं. तो खाली उतरला, चाकाभोवती एक फेरी मारली आणि अगदी शांतपणे म्हणाला, "हं. मागचंच." इतक्या महिन्यांची भीती समोर सपाट होऊन पडली होती, आणि तिच्याकडे तो ओळखीच्या माणसाकडे बघावं तसं बघत होता. आम्ही डिकीतलं लहान चाक चढवलं. पंक्चर झालेलं धूड मामीच्या आणि माझ्या मांडीवर आलं. गाडी एका कुशीवर कलली आणि बैलगाडीच्या चालीने खिंड चढू लागली.

"आबा, माफ करा," मामा म्हणाला, "जोरात नाही नेता येणार."

"जावईबापू, असंच चालू द्या," आबा काचेला नाक लावून म्हणाले. "यष्टीत काय बी दिसत नाय. त्यो बगा, त्यो वड. माजी आई तिथं आमाला फडक्यातली भाकरी सोडून द्यायची." मग एक विहीर आली, एक बांध आला, शाळा चुकवून लपायची कपार आली. आबा बोलत राहिले आणि मामा, आयुष्यात पहिल्यांदा, रस्ता सोडून दुसरीकडे बघत गाडी चालवत होता. बहीण दारातच उभी होती. दोघं एकमेकांचे हात धरून बसले. फारसं बोललेही नाहीत.

तिन्हीसांजेला आम्ही परतलो. अंगणात ते रुंद चाक तसंच पडलेलं होतं. ते चढवावं म्हणून मी जॅक काढायला लागलो तेवढ्यात आबा भीतभीत म्हणाले, "उद्या सकाळी जरा परत जाऊया का? तिला मी एक सांगायचंच इसरलो."

मामाने माझ्या हातातला जॅक घेतला आणि डिकीत ठेवून दिला. "राहू दे," तो हळूच म्हणाला. "उद्यापण हेच लहान चाक बरं."