तेल प्यालेले लायनर

आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, वडगावात मागावर साड्या विणत असताना आमची मोटार जुनीच विकत घेतली होती. अठ्ठ्याहत्तरीतही तेच चालवायचे. दुरुस्ती माझ्याकडे. रविवारची माझी सकाळ तिच्याखालीच जायची.

गेल्या वर्षी मागच्या उजव्या चाकातून तेल झिरपू लागलं. चाकाचा ड्रम उघडला, तर एक्सलचं सील गेलेलं आणि ब्रेकचे लायनर, ड्रमला घासून चाक थांबवणाऱ्या पट्ट्या, तेलानं माखलेले. सील नवं बसवलं. लायनरही बदलायलाच हवे होते. एकदा तेल प्यालेला लायनर धुऊन सुधारत नाही, गरम झाला की तेल परत वर येतं. मला हे ठाऊक होतं. पण नवे कोल्हापुराहून मागवावे लागणार होते आणि मंगळवारी उचगावला बारसं होतं. मी जुनेच पेट्रोलनं धुतले, उन्हात वाळवले आणि आप्पांना सांगितलं, "झालंय काम."

बारशाला जाताना हिंडलग्याच्या पुढे एक म्हैस आडवी आली. आप्पांनी ब्रेक दाबला, तशी गाडी डावीकडे ओढली गेली आणि बांधाच्या दगडांवर आदळली. शेजारी बसलेल्या आक्काचं, माझ्या थोरल्या बहिणीचं, मनगट मोडलं.

दवाखान्यात सगळे एकच बोलत होते, ह्या वयात गाडी कशाला. आक्काही म्हणाली, "आप्पा, आता बास करा."

त्यांनी खिशातून किल्ली काढून माझ्या हातात दिली. मी ती घेतली.

घरी येऊन ड्रम उघडला. लायनर पुन्हा ओले, काळे; ते चाक धरलंच नव्हतं. दुसऱ्या आठवड्यात नवे बसवले, कुणाला न सांगता.

आप्पा मग दारात बसून असायचे. उजवा पाय पुढे करून घोट्यातून वरखाली हलवत राहायचे, पाय ऐकतोय का ते बघत. चार महिने मी ते पाहिलं. मग एका सकाळी त्यांच्याजवळ बसलो आणि सगळं सांगून टाकलं.

त्यांचा पाय हलायचा थांबला. "मला वाटलं, माझाच पाय उशिरा पडला," ते म्हणाले. "आधीच बोलला असतास तर लई बरं झालं असतं रं."

मी किल्ली पुढे केली. त्यांनी गाडी गल्लीच्या टोकापर्यंत नेली, तिथंच थांबवली आणि उतरले. "न्हाय. आता भ्या वाटतंय."

गाडी मी मागं आणली. संध्याकाळी आक्काला फोन केला. तिलाही सगळं सांगितलं. मग म्हणाली, "आप्पांना मी बास करा म्हणलं. ते आता कसं मागं घेऊ?"