पाणी कुठपर्यंत आलं होतं?

“पायरीला लागलं व्हतं बगा. आत नाय आलं,” शकुंतलाबाई म्हणाल्या.

मी पेन वहीवर टेकवून तसाच उभा राहिलो. खाम नदीच्या काठच्या त्या गल्लीतलं हे पाचवं घर. आधीच्या चारही घरांत हेच उत्तर मिळालं होतं, जवळजवळ याच शब्दांत. पाच घरांतली माणसं एकसारखं बोलायला लागली की समजावं, आदल्या दिवशी गल्लीची बैठक झालेली आहे.

मी सर्व्हेअर. तीस वर्षं जमिनीची उंची मोजतोय. राहायला फुलंब्रीत, नोकरी शहरातल्या एका खासगी एजन्सीत. त्या वर्षी एजन्सीकडे पूररेषेचं काम आलं होतं. नदीच्या दोन्ही काठांना नकाशावर दोन रेषा काढायच्या. निळी रेषा म्हणजे नेहमीच्या मोठ्या पुराचं पाणी जिथवर पोचतं ती हद्द. तिच्या आत बांधकाम चालत नाही. लाल रेषा तिच्या पलीकडची, क्वचित येणाऱ्या महापुराची. हिशेब कॉम्प्युटर करतो. पण तो हिशेब बरोबर आहे का हे तपासायला कुठंतरी प्रत्यक्ष पाणी कुठवर चढलं होतं ते माहीत लागतं. त्या पट्ट्यातली जुनी नोंद आम्हाला मिळाली नाही. मग एकच उपाय उरतो. काठावरच्या जुन्या रहिवाशांना विचारायचं आणि ते दाखवतील तिथं उंची मोजायची. आमच्या भाषेत त्याला फ्लड मार्क म्हणतात.

हे काम मी खेड्यापाड्यांत पुष्कळ केलंय. तिकडे उलटा अनुभव. आम्ही पंचनाम्याला आलोय असं समजून लोक पाणी वाढवून सांगतात. गुडघ्याएवढं पाणी बघता बघता छातीपर्यंत चढतं. मी मनातल्या मनात फूटभर कापून घेतो. इथं मात्र जो तो पाणी उतरवून सांगत होता, आणि त्यात किती मिळवायचं याचा मला अंदाज नव्हता.

कारण उघड होतं. निळ्या रेषेत जे घर येईल ते पाडणार, अशी बातमी आमच्या आधी गल्लीत पोचली होती. सगळ्या जागा नुसत्या बाँड पेपरवर घेतलेल्या, रजिस्ट्री कुणाचीच नाही. पाडलं तर दाद कुठं मागायची?

“साहेब, खरं सांगा,” शकुंतलाबाईंनीच विचारलं. “रेषेत आलं तर पाडत्यात ना?”

“आमचं काम फक्त मोजायचं, ताई. बाकीचं वरचे लोक ठरवतात.”

हे वाक्य आम्ही सगळेच सर्व्हेअर म्हणतो. ते खरं असतं आणि त्याचा ऐकणाऱ्याला काडीचाही उपयोग नसतो.

शकुंतलाबाई साठीच्या आतबाहेर असतील. शेवया, कुरडया करून विकायच्या. घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत पलंगावर त्यांचे मालक पडलेले. कंपनीत वेल्डर होते. लकव्यात उजवी बाजू गेलेली, बोलणंही गेलेलं. डोळे मात्र सगळीकडे फिरत होते. माझ्याकडे बघत होते, बायकोकडे बघत होते. बायको खोटं बोलतेय हे त्यांनाही समजत असणार.

दाराशी माझा स्टाफमन उभा होता. स्टाफ म्हणजे आकडे रंगवलेली उंच पट्टी. ती मोजायच्या जागेवर सरळ उभी धरायची, लांब तिपाईवर ठेवलेल्या लेव्हल मशीनच्या दुर्बिणीतून तिच्यावरचा आकडा वाचायचा, आणि पुलाच्या कठड्यावरच्या पक्क्या खुणेशी ताडून बघायचा. म्हणजे त्या जागेची उंची समजते. पट्टी धरणारा तो स्टाफमन. आमचे रफिकभाई माझ्याहून दोन वर्षांनी मोठे, जन्म या शहरातच गेलेला. ते कधी कामात तोंड घालत नाहीत. त्या दिवशी हळूच म्हणाले, “साब, बोर्ड देखो.”

मी बघितलं. लाइटचा बोर्ड भिंतीवर माझ्या डोक्याच्या उंचीवर होता. बटण दाबायला शकुंतलाबाईंना टाचा उंच कराव्या लागत असतील.

“बोर्ड एवढा वर का हो?”

“पोरं हात लावत्यात.”

घरात पोरं नव्हती. त्यांना मूलबाळच नव्हतं, हे त्यांनीच थोड्या वेळापूर्वी सांगितलं होतं. पलंगाच्या चारी पायांखाली चार-चार विटा होत्या. भिंतींना नवा चुना होता, पण तो खांद्यापर्यंत जाऊन थांबलेला. खालचंच तेवढं रंगवायला माणूस कधी घेतो?

बाहेर येऊन मी उरलेल्या घरांत डोकावलो. गल्लीतला एकही बोर्ड खाली नव्हता.

“पूरी गल्ली झूट बोल री, साब,” रफिकभाई म्हणाले. “पन बोलेंगे नै तो क्या करेंगे? घर है उनका.”

मी पायरीची उंची घेतली. शकुंतलाबाईंसकट पाच जणांनी जबाबावर सह्या केल्या.  मी वही मिटली.

ऑफिसात आल्यावर मी जोशी सरांकडे गेलो. एजन्सी त्यांचीच.

“सर, त्या गल्लीतला फ्लड मार्क मला पटत नाही. साडेचार-पाच फूट तरी कमी सांगितलाय.”

“पुरावा?”

“लाइटचे बोर्ड सगळे वर आहेत.”

सर हसले. “जाधव, रिपोर्टमध्ये काय लिहू? बोर्ड वर आहेत म्हणून पाणी वर होतं?”

“शेऱ्यात लिहू शकतो आपण.”

“पाच जणांच्या सह्या आहेत. उद्या ते म्हणतील, आम्ही सांगितलं एक आणि सर्व्हेअरनं लिहिलं भलतंच. कोर्टात तू जाणार का मी? आणि त्यांचं भलंच होतंय की यात. घरं वाचतायत.”

 खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. भांडावं लागलं नाही, वर पुण्यही पदरात पडलं. एका आजारी माणसाचं छप्पर आपण वाचवलं, असं घरी बायकोलाही सांगितलं. शेऱ्याचा रकाना मी कोरा सोडला. माझ्या नोकरीत मी पुष्कळ रकाने भरलेत, पण माझ्या लक्षात राहिलाय तो हा कोरा.

नकाशात निळी रेषा त्या गल्लीच्या अलीकडे, नदीच्या बाजूला, वळली. शेजारची गल्ली आत गेली, ही बाहेर राहिली. गल्लीत पेढे वाटले म्हणे. पेढ्यांचा एक पुडा रफिकभाईंबरोबर माझ्यासाठीही आला. मी खाल्ले.

पूररेषेचा नकाशा फक्त पाडापाडीसाठी नसतो. पावसाळ्यात धोक्याची घरं कुठली, कुणाला आधी सांगायचं, गाडी कुठं पाठवायची, याची यादीही त्यावरूनच होते. हे गल्लीला माहीत नव्हतं. मला माहीत होतं. ते मी त्यांना सांगितलं नाही, कारण आमचं काम फक्त मोजायचं.

पुढच्या वर्षी पितृपक्षात वरच्या बाजूला रात्रभर पाऊस झाला. मी त्या दिवशी फुलंब्रीतून निघूच शकलो नाही. पुढचं सगळं मला रफिकभाईंनी आठवड्यानं सांगितलं. ते गल्लीत जाऊन आले होते.

सकाळी नऊच्या सुमाराला भोंगा लावलेली रिक्षा शेजारच्या गल्लीत फिरली. तिथं नोटिसा लागल्या होत्या, पण घरं अजून पाडली नव्हती. घरं सोडा, शाळेत चला. मागे एक गाडी होती, म्हाताऱ्या आणि आजारी माणसांना न्यायला. शकुंतलाबाईंनी भोंगा ऐकला. त्या धावत कोपऱ्यावर गेल्या आणि गाडीपुढे उभ्या राहिल्या.

“आमच्या मालकाला घेऊन जा. लकवा झालाय, चालता येत नाय.”

गाडीबरोबरच्या माणसानं हातातले कागद बघितले. “मावशी, तुमची गल्ली यादीत नाही. तिकडं पाणी येत नाही.”

“येतं. लई येतं. मागं बोर्डापर्यंत आलं व्हतं.”

“मग यादीत का नाही?”

याचं उत्तर शकुंतलाबाईंना माहीत होतं.  त्या माणसाचीही चूक म्हणता येणार नाही. यादीतलीच माणसं एका फेरीत मावत नव्हती. पुढच्या फेरीला बघतो म्हणाला. पुढची फेरी झाली नाही, कारण तोवर रस्त्यावर पाणी आलं होतं.

गल्लीतल्या दोघांनी भाजीची हातगाडी आणली. मालकांना पलंगावरून उचलायला जाईपर्यंत पाणी उंबरा ओलांडून आत आलं, आणि हातगाडी दारातच आडवी होऊन अडकली. मग त्यांनी पलंगाखाली आणखी विटा घातल्या. नंतर विटाही पुरेनात. पलंग तरंगायला लागला. त्या दोघांनी मिळून मालकांना खांद्यावर धरलं. पाणी उतरेपर्यंत धरलं. कितीदा तरी तोंड पाण्याखाली गेलं. शकुंतलाबाई हातानं त्यांचं नाक-तोंड पुसत होत्या. तिसऱ्या दिवशी दवाखान्यात ते वारले. छातीत पाणी झालं, असं डॉक्टर म्हणाले.

रफिकभाईंनी हे सांगितलं तेव्हा आम्ही ऑफिसच्या जिन्यात बसलो होतो. त्यांनी मला दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं.

“मैंने बी पट्टी वहीं पकडी थी, साब,” ते म्हणाले.

मी जोशी सरांना सांगितलं.  ते म्हणाले, “पुन्हा मोजावं लागेल. आता तर भिंतीवर दिसतंय.” याखेरीज ते तरी काय म्हणणार होते? 

दोन महिन्यांनी आम्ही तीच पट्टी, तेच मशीन घेऊन गेलो. गाळाची रेघ सगळ्या घरांत एका उंचीवर होती, बोर्डाच्या चार बोटं खाली. त्या लोकांनी बोर्ड किती अचूक बसवले होते, हे तेव्हा दिसलं. तीस वर्षांत मी एवढी नेमकी खूण कुणाकडून घेतली नव्हती.

या वेळी मी कुणालाही काही विचारलं नाही. शकुंतलाबाई दारात उभ्या होत्या. पलंग उभा करून भिंतीला टेकवलेला. रफिकभाईंनी आत जाऊन रेघेला स्टाफ लावला, मी दुर्बिणीतून आकडा वाचला आणि लिहिला. शकुंतलाबाईंनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि त्या आत निघून गेल्या. कुणाची सही लागली नाही, कारण जबाब नव्हता.

रेषा सरकली. गल्ली निळ्या रेषेच्या आत आली. या वेळचा नकाशा अगदी बरोबर होता. कुणी काहीही शंका काढली नाही. आणि सहा महिन्यांत घरोघर नोटिसा आल्या.

मला हे ऑफिसात समजलं. मी गेलो नसतो तरी चाललं असतं. कामच नव्हतं माझं तिथं. पण राहवलं नाही, रफिकभाईंना घेऊन गेलो. माफी मागायची असं ठरवलं होतं. कशाची मागायची, पहिल्या मोजणीची का दुसरीची, हे रस्ताभर ठरलं नाही.

शकुंतलाबाईंनी आम्हाला ओळखलं. बसा म्हणाल्या. पिठाच्या डब्यातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला कागद काढून माझ्या हातात दिला.

“वाचून दाखवा, साहेब. मला नुसतं नाव वाचता येतं.”

मी वाचलं. सुधारित सर्वेक्षणानुसार सदर बांधकाम निषिद्ध क्षेत्रात येत असून, वगैरे. पर्यायी जागेचा विचार नियमानुसार होईल, असंही एक वाक्य होतं. ते मी दोनदा वाचलं, जरा मोठ्यानं. त्या फसल्या नाहीत.

“म्हंजे पाडणार.”

“हो, ताई.”

त्यांनी कागद घेतला, घडी घातली, पिशवीत ठेवला. मी म्हणालो, “ताई, त्या वेळी माझंच चुकलं. मला दिसत होतं.”

“दिसत व्हतं तर लिहिलं कामून नाय?”

“तुमचं घर वाचावं म्हणून.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. राग नव्हता त्यांच्या चेहऱ्यावर, नवल होतं.

“तव्हा मी खोटं बोलले, ते तुम्ही लिहिलं,” त्या म्हणाल्या. “यावेळी मी काहीच बोलले नाय. तरी बी लिहिलं.”

 रफिकभाई उठले आणि बाहेर जाऊन उभे राहिले.

आता ती गल्ली नाही. शकुंतलाबाई छावणी भागात भाच्याच्या घरी एका खोलीत राहतात, असं ऐकलंय. पर्यायी जागेची फाइल चालू आहे म्हणे. मी पुन्हा गेलो नाही. तोंड नाही मला.

मी अजून मोजणीचं काम करतो. नवे सर्व्हेअर येतात, त्यांना फ्लड मार्क घ्यायला मीच शिकवतो. पाणी कुठपर्यंत आलं होतं, हे माणसाला विचारू नका, असं सांगतो. भिंत बघा, बोर्ड बघा, चुना कुठवर आहे ते बघा, आणि दिसेल ते लिहा. खरं लिहिलं की माणसाचं पुढं काय होतं, असं एखादा विचारतो. फॉर्मात त्याला रकाना नाही, असं मी सांगतो.