कुंदुझचा कॉम्प्युटर

माझी सून कुंदुझ चहा ओतताना प्याल्याकडे बघत नाही. तिची नजर बोलणाऱ्याच्या तोंडाकडे असते, नाहीतर सासूच्या पलंगाकडे, आणि हात आपोआप अर्ध्याच्या जरा खालीच थांबतो. लग्न होऊन आली तेव्हा माझ्या बायकोने, बुरुलने, हे तिच्याकडून घोटून घेतलं होतं. थोडं ओतावं, पाहुण्याने पुन्हा प्याला पुढे करावा, आपण पुन्हा थोडं ओतावं. प्याला काठोकाठ भरून दिला की त्याचा अर्थ, झालं, आता उठा. आमच्याकडे शेंबड्या पोरालाही हे कळतं.

तिच्याविषयी काहीतरी लिहून ठेवावं असं फार दिवस मनात आहे. मला ते जमेल असं वाटत नाही. माझा जन्म काच कारखान्यातल्या भट्टीपुढे गेला. तरी लिहितो.

कुंदुझ बिश्केकच्या एका छापखान्यात शाळेच्या पुस्तकांची पानं लावायची. मजकूर, चित्रं, आकडे, सगळं कॉम्प्युटरवर जागच्या जागी बसवायचं. सकाळी आमच्या तोकमोकहून व्हॅनने जायची, अंधार पडताना यायची. माझा मुलगा मेदेर सैबेरियात इमारतींच्या कामावर. घरात ती आणि आम्ही दोघं म्हातारे. मग ज्या हिवाळ्यात तासन्‌तास वीज नसायची, त्याच हिवाळ्यात बुरुलची उजवी बाजू गेली. बोलणंही जवळजवळ गेलं.

कुंदुझ रजा घेऊन घरी बसली. कूस बदलायची, भरवायचं, पुसायचं, कपडे धुवायचे. मी शेगडी पेटवायचो, पाणी आणायचो. त्याच्या पुढचं बुरुल मला करू देत नसे. मी कपडे बदलायला गेलो की तोंड भिंतीकडे फिरवायची. म्हणून सगळं सुनेवर. ती कधी कुरकुरली नाही, पण बसल्या जागी डुलक्या घेऊ लागली. एकदा पिठात हात तसेच ठेवून झोपली होती.

रजा संपत आली तेव्हा छापखान्यातल्या बाईंनी निरोप दिला. घरी कॉम्प्युटर असेल तर काम घरून कर, पानं पेन ड्राइव्हवर घालून व्हॅनवाल्याकडे दे. पण नव्या वर्षाच्या पुस्तकांचं काम वसंतात सुरू होतं. तोवर सोय झाली नाही तर तुझी जागा दुसरीला द्यावी लागेल. हे तिने मला पिठाचे बोरसोक तळता तळता सांगितलं, कढईत बघतच.

"अताके, ही जागा गेली ना, तर मी पुन्हा काही उठायची नाही. इथंच बसेन मग."

मी नुसती मान हलवली.

आमच्या घरात मोठी खरेदी असली की शार्शेनला विचारायचं. तो माझ्या मोठ्या भावाचा थोरला मुलगा. भाऊ गेल्यापासून कुटुंबाचा कारभार तोच बघतो. बाजारात त्याचं टायरचं दुकान आहे. मेदेरनेही रीतीप्रमाणे त्यालाच फोन केला आणि पैसे त्याच्याकडे पाठवले. शार्शेनबद्दल वाईट लिहिलं तर माझे हात झडतील. बुरुल पडली त्या दिवशी रस्त्यावर नुसता बर्फ होता, गाडी चढावर येईना. त्याने तिला पाठीवर घेतलं आणि दवाखान्यापर्यंत चालत नेलं. पण तो बोलू लागला की दुसऱ्याला तोंड उघडायला जागा उरत नाही.

तो येऊन दस्तरखानाशी, जमिनीवर अंथरलेल्या जेवणाच्या कापडाशी, बसायचा आणि आमचा कॉम्प्युटर दर खेपेला वाढत जायचा. आधी ठरलं, पडदा मोठा हवा, सगळं गाव बसून बघेल असा. मग ज्याच्या आतून निळा उजेड पडतो तो डबा. मग स्पीकर, एक जमिनीवर ठेवायचा जाडाही. मग दोनशे खेळांची डिस्क. आणि आत घालायचे सगळे प्रोग्राम बाजारात आलेले अगदी शेवटचे, ताजे. शेजारीपाजारीही आपापलं सुचवून जायचे. जिने काम करायचं ती समोवारजवळ बसून ओतत असायची.

ती एकदाच बोलली. हलक्या आवाजात म्हणाली की छापखान्यात पानं लावायचा जो जुना प्रोग्राम आहे तोच पाहिजे, नव्यात केलेली पानं त्यांच्याकडे उघडत नाहीत. आणि वीज गेली तर चालू राहायला यूपीएस पाहिजे, बाकी काही नसलं तरी.

शार्शेन मनापासून हसला. तो तिला केलिन म्हणतो, म्हणजे सून, आणि ती त्याला आके, म्हणजे थोरला भाऊ. "केलिन, नवी गाडी आणायची आणि तिला घोड्याचा लगाम बांधायचा का? आणि वीज गेली तर जरा पड ना. बघ डोळे कसे झालेत."

सगळे हसले. मीही हसलो बहुतेक. कुंदुझने त्याचा प्याला घेतला, थोडा चहा ओतला, परत दिला.

शेवटी ठरवायचा दिवस आला. शनिवारी सामान उचलायचं होतं. त्या दिवशी बुरुलला बरं नव्हतं, कुंदुझने दोनदा चादरी बदलल्या होत्या, पाणी संपलं होतं. शार्शेन एकटाच आला आणि मानाच्या जागेवर बसला. बसल्या बसल्या त्याने तीच जागा कॉम्प्युटरला देऊन टाकली. इथे भिंतीशी मांडायचा, वरून बुरुलने भरतकाम केलेलं कापड घालायचं, कुस्त्या असल्या की मंडळी गाद्यांवर बसतील, नवरोजला गाणी लावता येतील. बोलता बोलता त्याने प्याला पुढे केला.

कुंदुझने ओतला. हात थांबला नाही. चहा अर्ध्यावर आला, वर चढला, काठाला लागला आणि काठावर फुगून उभा राहिला. तिने तो उजव्या हाताने, डावा हात छातीशी धरून, नेहमीसारखा अदबीने त्याला दिला. एक थेंब सांडला नाही.

शार्शेनने वाक्य मध्येच सोडलं. मी मुरंब्याच्या बशीकडे बघू लागलो.

"हा मला?" त्याने विचारलं.

"हो, आके."

"चुकून झालं का, केलिन?"

तिने रिकामे हात मांडीवर ठेवले. मग म्हणाली, "दमलेय मी, आके. चुकून झालं की नाही, ते माझं मलाच कळत नाहीये."

तेवढ्यात पलंगावरून आवाज आला. बुरुल चांगल्या हाताने पलंगाच्या लाकडावर थापा मारत होती. तोंड वाकडं झालेलं, त्यामुळे हसतेय की रडतेय ते समजेना. ज्या बाईने सुनेला अर्धा प्याला शिकवला, ती थापा मारत होती आणि थांबत नव्हती.

शार्शेनने तिच्याकडे पाहिलं. मग तो वाफाळता चहा त्याने खाली न ठेवता शेवटपर्यंत प्यायला. तळहात वर केले, दुआ म्हटली, चेहऱ्यावरून हात फिरवले आणि निघून गेला. टोपी तशीच गादीवर राहिली.

पुढे दोन दिवस कुंदुझ माझ्याशीही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी पाणी तापवताना म्हणाली, "आकेंनी यांना फोन केला असेल. मी काय सांगू?"

"सांग, समोवार जुना आहे, तोटी गळते," मी म्हटलं.

ती हसली. त्या हिवाळ्यात पहिल्यांदाच बहुतेक.

शनिवारी बाहेर हॉर्न वाजला. शार्शेन गाडीतून उतरून फाटकातच उभा राहिला. म्हणाला, टोपी राहिली माझी. मी म्हटलं, आत ये.

"नको, अबाके. तुमच्याकडे चहा फार देतात." मग माझ्या खांद्यावरून आत बघत त्याने हाक मारली, "केलिन, बूट घाल. काय हवं ते तूच बघ. मी फक्त ओझं उचलणार."

कुंदुझने पलंगाकडे पाहिलं. ती गेली तर बुरुलचं कोण करणार, हा प्रश्न होताच. मी पुढे झालो, तेव्हा बुरुलने तोंड भिंतीकडे फिरवलं नाही. डोळे मिटून घेतले, एवढंच. मी तिचे कपडे बदलले. माझ्या हाताला वेळ लागला, पण झालं.

बाजारात काय झालं ते शार्शेनने नंतर सांगितलं, निम्मं कौतुकाने आणि निम्मं रागाने. तिने नव्या पडद्यांकडे ढुंकून पाहिलं नाही. कुठल्याशा कचेरीतून काढलेले जुने मॉनिटर होते, त्यांच्यावर बारीक अक्षरांचं पान उघडायला लावलं आणि प्रत्येकासमोर बसून राहिली, अक्षर थरथरतं का बघत. दुकानदार वैतागला. डबा साधा करडा घेतला, पण आतली मेमरी दुप्पट करून घेतली. कीबोर्ड डोळे मिटून बडवून पाहिले आणि सगळ्यात जुनाट दिसणारा उचलला. छापखान्यात आहे तोच जुना प्रोग्राम शोधून घातला, तिथेच उघडून पाहिला. स्पीकर एकही नाही. आणि यूपीएस. तो शार्शेनने पोटाशी धरून आत आणला तेव्हा त्याच्या मानेच्या शिरा फुगल्या होत्या. "यात मेंढा भरलाय का गं?"

कुंदुझने कॉम्प्युटर मानाच्या जागी ठेवू दिला नाही. बुरुलच्या पलंगाला लागून मांडला. एक हात लांब केला की पांघरूण सारखं करता येतं. भरतकामाचं कापड बुरुलच्याच पायांवर घातलं.

काम सुरू झालं, जागा राहिली. दमणं गेलं असं मी म्हणणार नाही, उलट आता ती दोन माणसांची कामं करते. कपडे बदलायचं आता माझ्याकडे आलंय, तेवढं एक कमी. वीज गेली की यूपीएस कुंईकुंई करतो. कुंदुझ घाई न करता पान जतन करते, कॉम्प्युटर बंद करते, उठून बुरुलची कूस बदलते, आणि जमलं तर तिथेच पलंगाला टेकून डोळे मिटते. चौथीच्या पुस्तकात सफरचंदाच्या झाडाचं एक पान आहे, ते आमच्या घरात लागलं. बुरुल ते तासभर बघत होती.

शार्शेन अजून येतो, कुस्त्या याच्यावर दिसत नाहीत म्हणून दर वेळी हळहळतो. त्याला चहा कुंदुझच ओतते, अर्ध्याच्या खाली. तिला मात्र आता मी ओतून देतो. माझ्या हाताला सवय नाही, जास्त पडायची भीती असते, म्हणून मी प्याल्याकडे बघत ओततो. थोडाच. ती न बघता हात पुढे करते, नजर पानावर, आणि मी पुन्हा ओतायला उठतो.