बाटलीतली कोंबडी आणि पावाचा वास

आमच्या गल्लीत त्याला सगळे सावकाश म्हणतात. हे नाव माझ्याच वर्गात पडलं. विज्ञानाच्या तासाला बाकीची मुलं प्रयोग उरकून, एखादी काचनळी फोडून मोकळी व्हायची, तेव्हा हा आपली नळी अजून धूत असायचा. एकदा मी वैतागून म्हटलं, "अरे, आवर की!" तर मान वर न करता म्हणाला, "सावकाश करतोय, बाई." झालं, चिकटलं ते चिकटलंच. पुढे त्याच्या लग्नात बायकोच्या माहेरची माणसंही विचारत होती, "सावकाशराव कुठे आहेत?" सावकाशराव हात धुवायला गेले होते.

असा माणूस कुठे खपणार, याची त्याच्या आईला फार काळजी होती. पण सावकाशपणा हाच ज्यात गुण मानतात असं एक काम जगात निघालं आणि ते नेमकं आमच्या शहरात आलं. सावकाश मांस वाढवतो. कोंबडी न मारता.

त्याने मला ते समजावलं तसं सांगते. कोंबडीच्या अंगातून चिमटीत मावेल एवढा कण काढायचा. त्यातल्या पेशी साखर, क्षार आणि प्रथिनं घातलेल्या गुलाबी पाण्यात ठेवायच्या. बाटल्या एका उबदार कपाटात ठेवायच्या, अंगाची असते तेवढीच ऊब. पाणी शिळं झालं की बदलायचं. एका पेशीच्या दोन होतात, दोनाच्या चार. ज्या कोंबडीचा कण घेतला ती प्रयोगशाळेच्या मागच्या अंगणात अजून दाणे टिपते आहे. आपलं मांस आत बाटलीत वाढतंय याचा तिला पत्ताही नाही.

पाणी बदलण्याला तिथे 'भरवणं' म्हणतात आणि भरवण्याचं काम सावकाशचं. सुट्टी असो, सण असो, पेशींना भूक लागतेच.

"कुठे जायचं ठरलं की यांच्या पोरी भुकेल्या," त्याची बायको मला सांगायची. "मी तापाने फणफणले होते तेव्हा हे म्हणाले, आलोच, त्यांना भरवून येतो. एक सवत असती तर भांडले असते हो बाई. ह्या कोटींनी आहेत!"

तिची बेकरी आहे, घराच्या खालच्या मजल्यावर. पाव, बिस्किटं, वाढदिवसाचे केक. तोंडाने फटकळ, पण पाव असा की हातात घेतला की कापसासारखा दबतो आणि पुन्हा वर येतो. गेली काही वर्षं तिचं मनगट दुखतं. रविवारी गिऱ्हाईक दुप्पट, म्हणून रविवारी पहाटे सावकाश तिच्यासाठी पीठ मळायचा, कोपरापर्यंत हात घालून. आठवड्यातला तेवढाच वेळ दोघं एकत्र असायची. ती बोलायची, तो मळायचा. पीठ मळायलाही सावकाश माणूसच लागतो.

यंदा प्रयोगशाळेवर संकट आलं. पाहुणे यायचे होते, चव घ्यायला. त्यांनी मान डोलावली तर काम पुढे चालणार, नाहीतर दाराला कुलूप. आणि नेमक्या याच वेळी बाटल्या नासायला लागल्या. सोमवारी भरवलेलं गुलाबी पाणी आठवड्याच्या मध्यावर गढूळ व्हायचं, मग पिवळं पडायचं, की पेशी गेल्या. असं तीनदा झालं.

प्रयोगशाळेच्या मोठ्या मॅडमनी हवा गाळणाऱ्या जाळ्या बदलल्या, पाणी तपासलं, एसी दुरुस्त करणाऱ्याला दोष देऊन झाला. सगळ्यात कडक तपास सावकाशचाच. हिशेब बघणाऱ्या बाईंच्या टेबलावरची फुलदाणी त्याने बाहेर ठेवली. सगळ्यांना नखं कापायला लावली. नव्या आलेल्या सहकाऱ्याला हात कसे धुवावेत यावर असं काही ऐकवलं की तो बिचारा जेवणाआधीही घाबरत घाबरत नळाकडे जायचा.

मग एका संध्याकाळी सावकाश माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसला.

"बाई, मला भूक लागली."

"मग खा की. वरण गरम आहे."

"तशी नाही. आज नासलेली बाटली ओतून टाकत होतो, तेव्हा लागली." त्याने दोन्ही तळहात पुढे धरले, शाळेत नखं दाखवायचा तसे. "बाई, वास आमच्या घरचा होता. पावाचा."

यीस्ट! पीठ फुगवणारं तेच यीस्ट. रविवारी मळलेलं पीठ नखांत, केसांत, कानामागे बसून सोमवारी कामावर जात होतं. साखरेचं पाणी आणि ऊब मिळाल्यावर आणखी काय हवं? पेशी एकाच्या दोन होईपर्यंत यीस्टचं गोकुळ भरत होतं.

दुसऱ्या दिवशी त्याने मॅडमना सांगितलं. त्यांनी सूक्ष्मदर्शकात बघितलं, कपाळावर हात मारला आणि मग पोट धरून हसल्या. पण हसून झाल्यावर म्हणाल्या, "पाहुणे येईपर्यंत तुम्ही आणि पीठ एका छपराखाली नकोत. ही चौथी खेप गेली तर संपलं."

घरी हे सांगणं जास्त अवघड होतं. सोबत म्हणून त्याने मला नेलं.

"म्हणजे मी घाण?" बायको म्हणाली.

"तसं नाही गं..."

"माझ्या यीस्टने तुमच्या सवती मारल्या ना? बरं झालं!" ती स्टुलावर बसली. जरा वेळाने आवाज खाली आला. "किती दिवस?"

"पाहुणे येईपर्यंत."

"आणि रविवार?"

सावकाशने तिच्या मनगटाकडे बघितलं. ती उठली, तिने त्याची बॅग भरली, मग तिच्याच लक्षात आलं की हे कपडे बेकरीवरच्या दोरीवर वाळलेले आहेत. तिने बॅग उलटी केली. शेवटी मीच माझ्या भावाचे जुने कपडे त्याला दिले. भाऊ बुटका, सावकाश उंच. तो घोट्याच्या वर गेलेली पँट घालून विज्ञानाची सेवा करू लागला.

माझी मागची खोली त्याला दिली. त्या खोलीची खिडकी आणि बेकरीचं दार समोरासमोर, मधे रस्ता. संसार रस्त्यावरून चालू झाला.

"जेवलात का?"

"जेवलो. मनगट कसंय?"

"आहे जागेवर. थांबा, गिऱ्हाईक आलंय."

गल्लीत कुजबुज सुरू झाली. ती कुणीतरी तिच्या आईपर्यंत पोचवली आणि सासूबाई आल्या. माझ्या दारात उभ्या राहून त्यांनी जावयाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. पँटवर नजर जरा जास्तच थांबली.

"जावईबापू, खरं सांगा. बाहेर काही भानगड आहे का?"

तो तोंड उघडेपर्यंत रस्त्यापलीकडून बायको ओरडली, "आहे ना! एक कोंबडी आहे!"

सासूबाईंना सगळं समजावता समजावता माझा चहा निवून गेला.

भाजलेला पाव मात्र चालायचा. भट्टीत यीस्ट मरतं, हे सावकाशने मला स्वतःहून दोनदा सांगितलं. तो पाव कागदात बांधून माझ्या पायरीवर यायचा. पण रविवारी निम्मेच पाव व्हायचे. मनगटाला पट्टी बांधून ती एकटीच मळायची आणि लवकरच दारावर 'संपले' अशी पाटी लागायची. अशाच एका रविवारी मी मागच्या खोलीत गेले, तर सावकाश खिडकीतून समोर बघत उभा होता आणि दोन्ही हातांनी माझी उशी मळत होता. मी आल्या पावली परत फिरले.

चौथी खेप जगली.

चवीच्या दिवशी मलाही बोलावणं होतं. ताटलीत खिम्याच्या छोट्या चपट्या टिक्क्या आणि त्यांच्यासोबत बेकरीचा पाव. एका पाहुण्याने हळूहळू चावून सांगितलं, "कोंबडीच आहे." दुसरा म्हणाला, "जवळजवळ." तिसऱ्याने पाव आणखी मागितला.

"अख्खी तंगडी कधी देणार?" पहिल्याने विचारलं.

सावकाश म्हणाला, "तुकडा जाड झाला की आतल्या पेशी उपाशी मरतात. आत रक्तवाहिन्या नाहीत ना, भरवणार कसं? जगभर लोक त्यावर डोकं लावून बसलेत. काही देशांत असलं मांस विकायला परवानगी मिळाली आहे, काही ठिकाणी बंदी आहे. आणि स्वस्तात, ढिगाने करणं अजून कुणाला नीट जमलेलं नाही."

पाहुण्यांनी मान डोलावली. मॅडम आनंदाने म्हणाल्या, आता मोठी टाकी, निदान सहा महिने काम.

बायको बाहेर पडवीत उभी होती, कारण तिला आत प्रवेश नव्हता. तिने ते ऐकलं. सावकाश बाहेर आला तेव्हा ती त्याच्या पँटकडे बघत होती.

"सहा महिने बाईंकडे?"

"नाही. मी मॅडमना सांगतो, भरवायला दुसरं कुणी बघा."

"वेडबिड लागलंय का? रात्री झोपेत त्यांना हाका मारता तुम्ही." तिने डोळे पुसले, आणि पुसता पुसता तिची नजर कोपऱ्यात गेली. "हे काय झाकून ठेवलंय?"

"तो राक्षस. पेशी ढवळायला कारखान्यातून करून घेतला होता. मोटर इतकी दांडगी की पेशी फाटायच्या. पडून आहे."

तिने चादर उचलली. पातं बोटाने फिरवून बघितलं. पाठीमागे मॅडम येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"मॅडम," ती म्हणाली, "पीठ काही फाटत नाही."

मॅडमनी एकदा राक्षसाकडे बघितलं, एकदा सावकाशच्या पँटकडे. "न्या. तेवढीच आमची जागा मोकळी."

राक्षस आता बेकरीत पीठ मळतो आणि सावकाश घरी परतलाय. आंघोळ प्रयोगशाळेत, कामाचे कपडे तिथेच, आणि बेकरीत पाऊल ठेवायचं नाही, या मॅडमच्या अटीवर. गेल्या रविवारी मी पाव आणायला गेले, तर तो दाराबाहेर खुर्ची टाकून काचेतून आत बघत बसला होता. आत राक्षस घरघरत होता, ती गिऱ्हाइकाशी बोलत होती, तिचं मनगट मोकळं होतं. जरा वेळाने तो उठला आणि दाराच्या कडीकडे हात नेला.

"हात लावायचा नाही!" आतून आवाज आला.

तो परत बसला.

"बाई," राक्षसाकडे बघत मला हळूच म्हणाला, "हा जरा घाईच करतोय."