शेवंताकाकीची सावड

तुमच्या शेजारच्या लेकराला कॅन्सर झाला, तर त्या घरचं पाणी तुम्ही प्याल का? लगेच हो म्हणू नका. फुलसावंगीजवळच्या आमच्या तांड्यात सात वर्षांच्या पायलला रक्ताचा कॅन्सर निघाला, तेव्हा भल्याभल्यांनी तिच्या अंगणातून जाणं सोडलं. कॅन्सर लागत नाही, हे कोणी ऐकेना. माझी शेवंताकाकी मात्र भर दुपारी तिथे गेली, माठातलं पाणी तांब्याने घटाघटा प्यायली आणि वाटेवरच्या बायांना ओरडली, "पाहून घ्या व! उद्या मेली तं मंग बोला!"

त्यानंतर दीड वर्ष ती ठणठणीत होती... गेल्या महिन्यात अचानक तिचं हृदय थांबलं. फोन आला तेव्हा मी दिग्रसला होते. डोळे भरून आले आणि मनात आलं, आता पायलचं कसं?

कारण पायलचे उपचार काकीनेच टिकवले होते. नागपूरला औषधं सरकारी योजनेतून मिळत होती. पण आई लेकरापाशी दवाखान्यात राहिली, की घरचा धाकटा, शेळ्या आणि कापसाचं वावर कोणी बघायचं? त्याची योजना कुठे आहे? थोड्याच दिवसांत पायलचा ताप गेला, गाल भरले. तिची आई सुनीता तिला घेऊन तांड्यावर आली, ती परत न जाण्यासाठीच.

"बरी झाली ना पोरगी, काकी. कापूस फुटून राह्यला. नवरा एकटा काय काय करन?"

"ताप गेला म्हंजे रोग गेला का व? मधात सोडलं तं उलटते, असं डाक्टरनं सांगतलं ना तुले?"

"मंग वेचन कोण?"

"आमी मेलो का सगळ्या?"

वेचणीला आमच्याकडे सावड असते. आज सगळ्या तुझ्या वावरात, उद्या माझ्या. काकीने सुनीताला नागपूरला धाडलं आणि तिचं वावर सावडीत घेतलं. शेजारची कमळी कुरकुरली, "सुनीता तं नागपूरले. ते फेडन कधी?"

"पायल मोठी झाली का तिच्याकून वेचून घेजो!"

अख्खं वावर हसलं! पायल मोठी होणार, हे तांड्यात पहिल्यांदाच कोणी मोठ्याने बोललं होतं. मग शेळ्यांची पाळी लागली, धाकट्याच्या डब्याची लागली. उपकाराखाली माणूस वाकतं. सावडीत ते बरोबरीने उभं राहतं.

काकी गेली तेव्हाही सुनीता नागपुरातच होती. तिने रडत फोन केला, "मी पोरीले घेऊन वापस येऊ का?" फोन घेतला कमळीनेच. "खबरदार आली तं! शेळ्या माह्या गोठ्यात हायेत. काकी गेली, आमी हाओ ना!"

पायलचे उपचार अजून चालू आहेत. असं एखादं घर तुमच्याही गावात असेल. उद्या सकाळी त्याच्या दारात जा. नुसता धीर देऊन परतू नका. त्यांच्याकडून एक काम मागून घ्या आणि लेकराचे उपचार पुरे होईपर्यंत ते सोडू नका.