गाडीच्या कपाळावरचं कुंकू

होटगीच्या पुढच्या रस्त्यावरची हिवाळ्यातली ती सकाळ आजही माझ्या डोळ्यांसमोर तशीच उभी राहते. दोन्ही बाजूंना कमरेएवढा शाळू, म्हणजे हिवाळी ज्वारी, त्यावर पातळ धुरकट ऊन, आणि मधोमध डांबरी रस्ता इतका सरळ, की त्याचं टोक आकाशात विरघळून गेल्यासारखं दिसावं. अशा रस्त्यावर वाईट काही घडेल असं वाटतच नाही.

माझ्या नोकरीची ती शेवटची दोन वर्षं. सोलापूरजवळच्या एका पोलीस ठाण्याची मी प्रभारी अधिकारी होते. नावं कुणाचीच लिहीत नाही. त्यातली बरीच माणसं अजून आहेत आणि त्यांनी पुरेसं सोसलं आहे. बाळांनो, तुम्हाला मराठी वाचायला वेळ लागतो हे मला ठाऊक आहे, म्हणून जे घडलं ते क्रमाने सांगते.

सकाळी साडेदहाच्या सुमारास ठाण्यात फोन आला. एका मोटारीने मेंढपाळाला उडवलं होतं. स्टेशन डायरीला नोंद करून मी आमच्या हवालदारांना घेऊन निघाले. हवालदार अक्कलकोटकडचे. घरी कानडी, ठाण्यात मराठी, आणि पंचनामा लिहिताना दोन्ही भाषांत पुटपुटायची त्यांची सवय. आम्ही पोहोचलो तोवर जखमीला सिव्हिलमध्ये हलवलं होतं. रस्त्याच्या पलीकडच्या रानात दीडशे-दोनशे मेंढरं एकमेकांना चिकटून उभी होती. एकाही मेंढराला खरचटलं नव्हतं. रस्त्यावर एक घोंगडी पडली होती, आणि थोडं पुढे चांदीच्या रंगाची नवीकोरी मोटार, दार उघडं ठेवून. आत पडद्यावर रस्त्याचं चित्र अजून उजळलेलं होतं आणि त्या चित्रातला रस्ता अगदी रिकामा होता.

गाडी एका निवृत्त प्राध्यापकांची होती. तेच चालवत होते, शेजारी त्यांची पत्नी. पाच दिवसांपूर्वी गाडी घेतलेली. त्या सकाळी देवळात पूजा करून ती दुधनीला बहिणीला दाखवायला निघाले होते. पळून गेले नव्हते. रुग्णवाहिकाही त्यांनीच बोलावली होती. त्यांचा पहिला जबाब मला शब्दशः आठवतो.

"मॅडम, ही गाडी आपोआप थांबते. समोर माणूस आला की ती स्वतः ब्रेक लावते, शोरूममध्ये मला करून दाखवलंय. आता ती थांबली नाही याचा अर्थ एकच. तो माणूस अगदी शेवटच्या क्षणाला आडवा धावला. यंत्रालासुद्धा वेळ मिळाला नाही."

इतकं नीटनेटकं तर्कशास्त्र रस्त्याच्या कडेला उभं राहून क्वचितच कोणी मांडतं. मी ते जसंच्या तसं लिहून घेतलं.

संध्याकाळी मेंढपाळ गेला.

इथे एक गोष्ट समजून घ्या. अशा प्रकरणात कधीकधी मयतावरच गुन्हा नोंदवला जातो. हयगयीने रस्ता ओलांडून स्वतःच्या मृत्यूस स्वतःच कारणीभूत ठरला, असं लिहिलं की आरोपी मयत आणि कागद बंद. दुसऱ्या दिवशी हवालदार दबक्या आवाजात म्हणाले, "मॅडम, सगळं तिकडंच चाललंय. गाडीतली साक्षीदार एक त्याची बायको, ती काय नवऱ्याच्या विरुद्ध बोलणार? आणि मोटारवाला माणूस सभ्य."

"सभ्य आहेत म्हणून खरं आहे असं नाही, हवालदार."

"खोटं बोलतोय असं पण वाटत न्हाय की."

ते बरोबर होते. मलाही तसं वाटत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी मेंढपाळाची बायको ठाण्यात आली. पन्नाशीची, सांगोल्याकडची, उन्हाने रापलेली. त्या सकाळी ती मेंढरांमागेच होती, पण जखमीबरोबर सिव्हिलला गेल्याने तिचा जबाब राहिला होता. खुर्ची दिली तर बसली नाही, भिंतीला टेकून खाली बसली.

"बाई, लोक म्हंत्यात तुमी माज्या मालकाच्या नावानं गुन्हा लिवणार. व्हय का?"

"अजून लिहिलेलं नाही."

"लिवू नगा. गेला त्यो गेला, त्येला तुमी आनू शकत न्हाय. पर त्यो आडवा पळाला असं कागदावर ऱ्हायलं तर माजी पोरं जल्मभर तेच ऐकतील. तीस वरसं आमी ह्या सडकंनं जातोय. त्यो आदी मदी जाऊन उभा ऱ्हायचा, काठी वर धरून. गाड्या थांबल्या की मग मेंढरं सोडायचा. सगळी पार झाली, मग त्यो हलायचा. त्या दिशीबी तसंच. मेंढरं समदी पलीकडं गेलती."

मला पलीकडच्या रानात उभी असलेली ती मेंढरं आठवली. सगळी एकाच बाजूला होती.

"गाडी तुम्ही बघितली?"

"बगितली की. लई लांबनं येत हुती, आवाज न्हाय का काय न्हाय, पाण्यावरनं आल्यागत. म्या आतल्या माणसाकडं बगितलं." ती माझ्याकडे वळली. "त्यो हसत हुता, बाई."

"तुमच्याकडे बघून?"

"न्हाय. कुणाकडं तरी दुसरीकडंच. घरात बसल्यागत हसत हुता."

नोकरीत मी कितीतरी साक्षी ऐकल्या. खोटी साक्ष देणारा माणूस आरोपीला नेहमी रागीट नाही तर दारू प्यायलेला दाखवतो. हसणारा कुणी दाखवत नाही.

प्राध्यापकांना पुन्हा बोलावलं. मी त्यांच्यासमोर चहा ठेवला आणि सरळ विचारलं, "सर, त्या वेळी तुम्ही कशावर हसत होता?"

ते गोंधळले. "हसत? आठवत नाही. आम्ही आनंदात होतो. नवी गाडी होती. हसणं हा गुन्हा आहे का?"

"नाही. फोनवर होता का?"

"फोन माझ्या हातात नव्हता." हे वाक्य त्यांनी थोडं जास्तच लवकर म्हटलं. हातात नव्हता, हे खरंच होतं. मग ते म्हणाले, "मॅडम, माझ्यावर विश्वास नसेल तर गाडी तपासा. यंत्र तर खोटं बोलणार नाही."

गाडी ठाण्याच्या आवारात जप्त होती. मोटार वाहन निरीक्षकांनी ब्रेक, स्टिअरिंग ठीक असल्याचा अहवाल दिला होता. मी कंपनीच्या तंत्रज्ञाला बोलावलं. तो काटेकोर माणूस होता. गाडीवर चार दिवसांची धूळ होती. त्याने ओलं फडकं घेऊन पुढची काच आधी लख्ख पुसली. मी व्हरांड्यातून बघत होते आणि मला बरं वाटलं. कामाआधी स्वच्छता करणारी माणसं मला नेहमीच आवडली आहेत.

मग पुठ्ठ्याचा एक माणूस उभा करून त्याने गाडी त्याच्यावर नेली. पुठ्ठ्याच्या अलीकडे दोन हातांवर गाडी स्वतःच थांबली. झोपेत चालणाऱ्या माणसाने अचानक डोळे उघडावेत तशी. दुसऱ्यांदा थांबली, तिसऱ्यांदाही. प्राध्यापक तिथेच उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत विजय नव्हता, सुटका होती. मेंढपाळाची बायको फाटकापाशी उभी होती. तिने पुठ्ठ्याच्या माणसाकडे बघितलं आणि पदर तोंडाला लावून निघून गेली.

आता कागदावर तिचा नवरा दोषी ठरणार होता आणि सही माझी असणार होती.

सही करण्याआधी सगळे कागद पहिल्यापासून वाचायची माझी पद्धत होती. हवालदारांना मी शिस्त लावली होती, की दिसेल ते लिहा, काय महत्त्वाचं ते नंतर ठरवू. ते बिचारे काचेवरच्या फुलांच्या पाकळ्यासुद्धा मोजायचे. दुपारची वेळ होती. पंखा गरगरत होता, बाहेर कडुनिंबात एक होला पक्षी तेच तेच घुमत होता, आणि मी अर्धवट गुंगीत त्यांचा पंचनामा वाचत होते. नंबर प्लेट, टायर, हार, लिंबू. आणि मग एक ओळ: 'समोरील काचेवर बाहेरून वरच्या बाजूस मध्यभागी हळदीकुंकवाचा ओला टिळा, अंदाजे चार बोटे रुंद.'

मी उठून आवारात गेले. काच स्वच्छ होती. माझ्या डोळ्यांदेखत पुसलेली. काचेच्या वरच्या मध्यभागी, आरशाच्या मागे, एक छोटा काळा डोळा होता.

जप्त गाडीची काच पुसू दिली ही माझी चूक होती. ती मी डायरीत लिहिली.

तंत्रज्ञाला परत बोलावलं, पंचांना बोलावलं, आणि प्राध्यापकांच्या पत्नीलाही. बाई साध्या, हसऱ्या चेहऱ्याच्या होत्या, पण चार दिवसांत उतरून गेल्या होत्या.

"ताई, पूजेच्या वेळी गाडीला टिळा कुणी लावला?"

"मी लावला. हे म्हणाले बॉनेटवर लाव. मी म्हटलं, अहो, ते तर नाक झालं. कपाळ वर असतं."

"मग आता तसाच लावा."

हवालदारांच्या घरून हळदकुंकू आलं. बाईंनी ते तेलात कालवलं, टाचा उंच केल्या आणि सवयीच्या हाताने गाडीच्या कपाळावर रुंद टिळा ओढला. हात जोडायला गेल्या आणि मध्येच थांबल्या. तंत्रज्ञाने गाडी सुरू केली. थोड्या वेळाने पडद्यावर पिवळी इंग्रजी अक्षरं उमटली. समोरचा कॅमेरा झाकला गेला आहे, स्वयंचलित ब्रेक बंद आहे, असा त्याचा अर्थ. मग गाडी पुठ्ठ्याच्या माणसाकडे निघाली आणि या वेळी थांबली नाही. पुठ्ठा आवाज न करता आडवा झाला.

"हे त्या दिवशी आलं होतं," बाई पडद्याकडे बघत म्हणाल्या. "पिवळं. मी विचारलं, हे काय म्हणतंय हो? हे म्हणाले, नवी गाडी आहे, सारखं काहीतरी बोलत असते, घालव. मी बोटानं घालवलं."

"तेव्हा सर कुठे बघत होते?"

प्राध्यापक पुढे आले. "मी सांगतो, मॅडम. तिला नका विचारू." त्यांचा आवाज वर्गात शिकवणाऱ्या माणसाचा राहिला नव्हता. "मुलगी ऑस्ट्रेलियात असते. व्हिडिओ कॉलवर होती. फोन समोर लावला होता. तिला शाळू बघायचा होता, मी बोलत होतो, तिच्याकडे बघत होतो. गाडी चालवतोय असं वाटतच नव्हतं. रस्ता आपोआप आत येत होता, आणि मुलगी जणू आमच्यासमोर काचेतच बसली होती. मी म्हटलं, ही गाडी आहेच की बघायला."

"आणि तो माणूस?"

"मी त्याला पाहिलंच नाही. कधी आला, कुठून आला, काहीच नाही. म्हणून मला खरंच वाटलं की तो अचानक आला."

ते खोटं बोलत नव्हते, असं हवालदार म्हणाले होते, ते इतक्यापुरतं खरं होतं. न पाहिलेला माणूस अचानकच येतो.

त्यांच्या पत्नी गाडीला धरून उभ्या होत्या. "म्हणजे मी त्याचा जीव घेतला. मी डोळा झाकला."

"तुम्ही गाडीचा डोळा झाकलात, ताई," मी म्हणाले. "सरांना त्यांचे दोन होते."

हे मी त्यांना धीर देण्यासाठी म्हटलं. पण ते ऐकून प्राध्यापक तिथेच पायरीवर बसले, आणि मग बाईच त्यांच्या पाठीवर हात फिरवत राहिल्या.

गुन्हा चालकावर नोंदवला. प्राध्यापकांनी दिलेला जबाब पुढे न्यायालयातही बदलला नाही. वकिलांनी पुष्कळ सुचवूनही. मेंढपाळाच्या बायकोला मी ठाण्यात बोलावून फिर्याद वाचून दाखवली. कलमं, वाहनाचा क्रमांक, तारीख, सगळं तिने खाली मान घालून ऐकलं. एका वाक्यावर मान वर केली. 'मयत हा रस्त्याच्या मध्यभागी काठी उंच धरून उभा होता.'

"परत वाचा की, बाई."

मी परत वाचलं. तिने तिसऱ्यांदा वाचायला लावलं. मग अंगठा उठवला आणि म्हणाली, "आता मेंढरं घेऊन जाते. लई दिस एका जागी ऱ्हायली."

पस्तीस वर्षांत मी चोर पाहिले, खुनी पाहिले. त्यांच्यापैकी बहुतेकांना आपण काय करतोय ते माहीत होतं. या प्रकरणात कुणालाच काही माहीत नव्हतं. एक आई, एक बाप, एक लेक, तिघंही एकमेकांवरच्या मायेत होती, आणि सुखात असलेला माणूस किती गाढ झोपलेला असू शकतो ते मला तेव्हा कळलं. गाडी जितकी शहाणी, तितकी ती झोप गोड. यंत्राने मदत करावी, जरूर करावी. पण आपण बघायचं थांबलो, तर त्याच्याही डोळ्यावर काही आलं आहे हे सांगायला कुणी उरत नाही.

तुम्ही दोघं आता गाडी चालवता. कामावरून परतताना, एकटं वाटलं की मला फोन लावता, आणि तुमचे चेहरे दिसले की माझा दिवस उजळतो. पण तुमच्या खांद्यामागे झाडं पळताना दिसली की मी काही न बोलता फोन बंद करते. आजी चिडली का, असं तुम्ही तुमच्या आईला विचारलंत म्हणे. चिडले नव्हते. घरी पोचा, गाडी बंद करा, मग लावा. मी पहिल्या रिंगला उचलते.