अजूनही हो हाय ना?

मला आयुष्यात जेवढे धक्के बसले, त्यांतले निम्मे तरी एकट्या माझ्या आतेभावाने दिले आहेत, आणि तेही अगदी नम्रपणे एखादा प्रश्न विचारून. एसटीत बसला की दर थांब्याला कंडक्टरला विचारणार, "ही मंगरूळपीरलेच जाऊन राह्यली ना?" शेवटी एका कंडक्टरने हात जोडले, "अजी, तुमी चढले तवापासून गाडी तीच हाय, अन् गावही तेच हाय!" आत्याने वरणात मीठ टाकल्याचं सांगितलं तरी हा चाखून बघणार. "आई, तू टाकलं हे खरं. पण तुह्यानंतर अजून कोणी टाकलं असन त?" आम्ही पोट धरून हसलो, तर माझी बायको हळूच म्हणाली, "अवो माय, म्याबी टाकलं नं!"

हे खूळ त्याला कामातून लागलं. रिसोडला घराच्या माडीवर बसून तो कुठल्याशा परदेशी कंपनीसाठी कॉम्प्युटरच्या अगदी गाभ्यातला, कर्नेलचा, प्रोग्राम लिहितो. मी पडलो बाजारातला अडत्या. मला कळेल असं सांग म्हटलं, तर म्हणाला, "दादा, सकाळी फळ्यावर सोयाबीनचा भाव पाह्यला अन् दिवसभर तोच डोक्यात धरून सौदे केले, त काय होईन?"

"दिवाळं वाजन माहं!"

"आमचा कंपायलर तसाच हाय. म्या लिहिलेलं मशीनच्या भाषेत उतरवते, पण लय शहाणा. एका जागचा आकडा प्रोग्रामचे दोन भाग वापरतात. हा म्हणते, इथं त कोणी बदलवून नाही राह्यलं, मंग घडीघडी कायले वाचा? एकदा वाचते अन् खिशात घालते. तिकडून दुसऱ्यानं आकडा बदलवला, तरी हा जुन्यावरच गोल गोल फिरते. मशीन ठप्प! म्हणून तिथं लिहून ठेवा लागते, का बाबू, इथं हुशारी नको करू, दरवेळी नव्यानं पाह्य."

असं सगळीकडेच लिहिलं तर मशीन रखडतं, म्हणून मोजक्या जागीच लिहायचं, हेही त्यानेच सांगितलं. स्वतःच्या आयुष्यात मात्र या पठ्ठ्याने एकही जागा सोडली नाही.

अशा माणसाला मुलगी कोण देणार? आत्याने तर आशाच सोडली होती. मग शिरपूरकडची एक मुलगी हो म्हणाली आणि आमचा गडी पार विरघळला. तिला आकाशी रंग आवडतो एवढं कळलं, तर त्याने दुसऱ्या रंगाचा शर्ट अंगाला लावला नाही. त्याला इतकं खुशीत मी कधीच पाहिलं नव्हतं.

साक्षगंधाच्या, म्हणजे साखरपुड्याच्या, दिवशी मंडप माणसांनी गच्च भरला. पाटावर बसलेला हा एकदम तिच्याकडे वळला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "पाहायले आलो तवा तुमी हो म्हटलं होतं. अजूनही हो हाय ना?"

आत्याच्या हातातलं ताट कलंडलं. अहो, आमच्याकडे मुलीला विचारलं तर एकदा विचारतात, ती हो म्हणाली की पुढचं सगळं मोठी माणसं बघतात. भर मंडपात पुन्हा विचारतं का कोणी? "हे काय इचारणं झालं, जवाईबापू?" तिचे वडील कडाडले. आणि ती मुलगी मान वर करून स्पष्ट म्हणाली, "तवा हो होतं. आता नाही. मले पुढं शिकाचं हाय. घरी सांगून सांगून थकली, पण 'एकदा हो म्हटलं ना' म्हणतात."

"बरं झालं सांगितलं," एवढं बोलून हा पाटावरून उठला.

परतताना जीपमध्ये मी पेटलोच होतो. "अबे, गप बसला असता त लगन झालं असतं!"

"तेच त भेव होतं, दादा."

"अन् तुहं काय?"

"मी ठीक हावो."

ते ऐकलं आणि आम्ही सगळे आपापल्या कामाला लागलो. सोयाबीनचा हंगाम आला, गेला. परवा सहज माडीवर गेलो, तर हा तोच आकाशी शर्ट घालून स्क्रीनसमोर बसलेला, शेजारी चहा निवून साय धरलेला. काय वाटलं कोण जाणे, मी विचारलं, "काहून बे, अजूनही ठीक हायेस ना?"

त्याची बोटं थांबली.

"नाही, दादा," तो म्हणाला. "पण त्या दिवसानंतर कोणी इचारलंच नाही."

मी खुर्ची ओढली आणि त्याच्याजवळ बसलो.